पन्नास रुपयांचा दंड



गेल्या अंकातील जामीनदाराच्या जबाबदारीवरील लेख वाचून लातूरच्या एका व्यापारी बंधूंनी दूरध्वनी केला. त्यांनी विचारले, "दुकानातल्या नोकराची चोरी न्यायालयात सिद्ध होते. न्यायालय त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडते. पुढे तो ती हमीही मोडतो आणि तरीसुद्धा बाहेरच राहतो. मग आम्ही तक्रार करायची तरी कशाला?" प्रश्न रागाने विचारलेला होता, पण तो रास्त आहे. व्यापार हा शब्दावर चालतो. दिलेला शब्द मोडणाऱ्याला काहीच होत नसेल, तर शब्दाला किंमत उरत नाही. या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्याजोगे नाही, म्हणून या महिन्याचा लेख त्यासाठीच ठेवला आहे.

आरंभ एका जुन्या प्रसंगाने करतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी लातूरला शाखेत होतो. माझ्या एका स्नेह्यांचे तेथे आडत दुकान. त्यांच्याकडे मापाच्या चिठ्ठ्या लिहायला नांदेड जिल्ह्यातील मुखेडकडचा एक वीस वर्षांचा मुलगा होता. अक्षर चांगले, हिशेब तोंडपाठ. ऐन सोयाबीनच्या हंगामात, गर्दीचा फायदा घेऊन, त्याने दोन आठवड्यांत गल्ल्यातून थोडे थोडे करून साडेआठ हजार रुपये काढले. रोजमेळ जुळेना, तेव्हा प्रकार उघडकीस आला. तक्रार झाली, खटला चालला, मुलाने गुन्हा कबूल केला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला आणि त्याला दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडले. मामा जामीनदार राहिले. दरमहा परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यायची, पुन्हा गुन्हा करायचा नाही आणि घेतलेली रक्कम हप्त्यांनी परत करायची, अशा अटी होत्या.

चार-पाच महिने सारे सुरळीत चालले. नंतर मुलगा येईनासा झाला. सलग तीन महिने हजेरी नाही, हप्ता नाही. अधिकाऱ्याने न्यायालयाला अहवाल दिला, समन्स निघाले. तारखेच्या दिवशी सकाळीच स्नेह्यांचा निरोप आला, "चला, आज त्याची रवानगी होणार." मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. खोटे कशाला सांगू, त्याला शिक्षा होताना पाहावी, असे मलाही वाटत होते.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी आधी अधिकाऱ्याचा अहवाल वाचला आणि मुलाला विचारले, "हे खरे आहे का?" तो "हो" म्हणाला. "कुठे होतास?" मुलगा म्हणाला, "ऊसतोडीला, साहेब." वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळीनंतर वडिलांचा पाय मोडला. उचल घेतली म्हणजे कोयता भरावाच लागतो, म्हणून वडिलांच्या जागी आईबरोबर तो गेला. त्याने खिशातून मुकादमाच्या हिशेबाची घडी पडलेली चिठ्ठी काढली. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती अधिकाऱ्याला दाखवली, तारखा जुळवून पाहिल्या. मग विचारले, "जाण्याआधी कळवले का नाहीस?" यावर मुलाकडे उत्तर नव्हते. "सोडणार नाहीत असं वाटलं," एवढेच तो बोलला.

आदेश झाला, तो असा. अट मोडली हे सिद्ध झाले आहे, पण मोडण्याची ही पहिलीच वेळ आहे. पन्नास रुपये दंड, बंधपत्र पुढे चालू. यापुढे जिल्ह्याबाहेर जाण्यापूर्वी अधिकाऱ्याला लेखी कळवायचे. पुन्हा चुकल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागेल, अशी स्पष्ट समज दिली गेली.

बाहेर येताच स्नेही कडाडले, "पन्नास रुपयांत न्यायालयाचा शब्द मोडता येतो होय? साडेआठ हजार माझे गेले, तीन महिने तो फिरकला नाही, आणि दंड पन्नास?" त्या दिवशी माझ्याकडेही उत्तर नव्हते. घरी येऊन मी अधिनियम काढून वाचला, आणि मला वाटते, त्या संध्याकाळी मी न्याय या शब्दाविषयी पुष्कळ शिकलो.

तो अधिनियम म्हणजे १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, गुन्ह्याचे स्वरूप आणि माणसाचे चारित्र्य पाहून, न्यायालय त्याला तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर सोडू शकते. गुन्हेगार एकवीस वर्षांखालील असेल, तर त्याला तुरुंगात धाडण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला पाहिजे, आणि तुरुंगच का हवा याची कारणे लिहून ठेवली पाहिजेत. ज्याची वस्तू वा रक्कम गेली, त्याला भरपाई देववण्याचीही सोय याच अधिनियमात आहे. आपल्यापैकी अनेकांना ही शेवटची तरतूद ठाऊक नसते. खटल्याच्या वेळी आपण वकिलामार्फत ती मागावी, एवढे जाताजाता सुचवतो.

आता मुख्य मुद्दा, अट मोडल्यानंतर काय? त्यासाठी अधिनियमाचे नववे कलम आहे. अट मोडल्याचा अहवाल आला की न्यायालय समन्स किंवा पकड वॉरंट काढते. पण येथे एक शब्द फार मोलाचा आहे. न्यायालयाने प्रकरण 'ऐकून' घेतले पाहिजे, आणि अट खरोखरच मोडली अशी त्याची खात्री पटली पाहिजे. नुसता अहवाल आला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. खात्री पटल्यानंतर दोन मार्ग उघडतात. पहिला, मूळ गुन्ह्याबद्दल शिक्षा देणे. दुसरा, अट पहिल्यांदाच मोडली असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवणे. हे पन्नास रुपये १९५८ साली ठरले. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती, आज ती हास्यास्पद वाटते, आणि कायदेमंडळाने ती वाढवायला हवी, हे मला मान्य आहे. परंतु दंड किती, यापेक्षा या कलमाची रचना अधिक विचार करण्याजोगी आहे.

कलम म्हणते, शिक्षा द्यायची ती 'मूळ गुन्ह्याची'. शब्द मोडल्याची वेगळी शिक्षा त्यात नाही. न्यायाधीशाने दया दाखवली आणि माणूस त्या दयेला जागला नाही, याबद्दल काही महिने जास्तीचे ठोकावे, असे कायदा सांगत नाही. साडेआठ हजारांच्या चोरीला, त्या वयाला, त्या परिस्थितीला पहिल्या दिवशी जी शिक्षा योग्य ठरली असती, तिच्याच मापाने दुसऱ्या दिवशीही मोजायचे. अट मोडल्यामुळे सवलत जाऊ शकते, पण गुन्हा मोठा होत नाही. म्हणूनच न्यायाधीशापुढे दोन स्वतंत्र प्रश्न असतात. अट मोडली का, आणि कशामुळे? मूळ गुन्ह्याला योग्य शिक्षा कोणती? या दोन प्रश्नांच्या मध्ये तिसरा एक प्रश्न हळूच शिरतो, 'याने माझा विश्वासघात कसा केला?' निःपक्षपातीपणाची खरी कसोटी त्या तिसऱ्या प्रश्नाला दाराबाहेर ठेवण्यात असते.

ही कसोटी किती कठीण आहे, हे मी न्यायालयात नव्हे, बँकेत शिकलो. नांदेडला असताना जुन्या मोंढ्याजवळील एका लहान किराणा व्यापाऱ्याचे थकीत खाते होते. वरिष्ठांचा विरोध पत्करून मी त्याच्या कर्जाची पुनर्रचना करून दिली, हप्ते लांबवून दिले. सहा महिन्यांत पुन्हा हप्ता चुकला. मी टिपणी लिहिली, 'कर्जदार जाणूनबुजून परतफेड टाळत आहे, संपूर्ण कर्ज तत्काळ मागे घ्यावे.' क्षेत्रीय कार्यालयातील एका वयोवृद्ध अधिकाऱ्यांनी ती टिपणी परत पाठवली. समासात त्यांनी विचारले होते की कर्जदाराचे म्हणणे कोठे आहे. पुढे प्रत्यक्ष भेटीत म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेचे पैसे वसूल करताय की तुमचा अपमान?"

मी कर्जदाराला बोलावले. तो एका वसतिगृहाला धान्य पुरवत असे. अनुदान न आल्याने त्याची बिले महिनोन्महिने अडकली होती. कागद त्याच्याजवळ होते, मी ते मागितलेच नव्हते. 'जाणूनबुजून' हा शब्द मी पुराव्यावरून लिहिला नव्हता. तो माझ्या दुखावलेल्या मनातून आला होता. त्याच्यासाठी मी वरिष्ठांशी भांडलो होतो, म्हणूनच माझा राग इतरांपेक्षा तीव्र होता. ज्याने उपकार केला, तोच पुढे सर्वांत कठोर होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पुढे २०२३ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय स्टेट बँक विरुद्ध राजेश अग्रवाल या प्रकरणात निकाल दिला की कर्जखाते 'फसवणूक' म्हणून घोषित करण्यापूर्वी कर्जदाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. तो निकाल वाचताना मला समासातली ती जुनी टीप आठवली. एका खात्यावर शिक्का मारण्यापूर्वी जर माणसाचे ऐकणे आवश्यक असेल, तर त्याला कोठडीत पाठवण्यापूर्वी ते किती आवश्यक असले पाहिजे, याचा विचार व्हावा.

दुखावलेले मन न्यायाच्या आसनावर बसले तर काय वाद उद्भवतो, याचे अलीकडचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. फिलाडेल्फिया शहरातील मीक मिल नावाच्या गायकाला शस्त्र व अमली पदार्थांच्या प्रकरणात २००८ मध्ये दोषी ठरवण्यात आले. काही महिन्यांचा तुरुंगवास आणि त्यानंतर परिवीक्षा, अशी शिक्षा झाली. ती परिवीक्षा वाढत वाढत जवळजवळ दहा वर्षे चालली, आणि इतका काळ प्रकरण एकाच न्यायाधीशांपुढे राहिले. २०१७ मध्ये विमानतळावरील एक झटापट आणि रस्त्यावर दुचाकीची कसरत, अशी दोन प्रकरणे निघाली. त्या दोन्हींतील आरोप पुढे टिकले नाहीत. सरकारी वकील आणि परिवीक्षा अधिकारी, दोघांनीही तुरुंगवासाची मागणी केली नव्हती. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला दोन ते चार वर्षांचा तुरुंगवास ठोठावला गेला. देशभर चर्चा झाली. एप्रिल २०१८ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडले. जुलै २०१९ मध्ये अपील न्यायालयाने, मूळ खटल्यातील पोलीस साक्षीदाराच्या विश्वासार्हतेविषयी पुढे आलेल्या माहितीवरून, दोषसिद्धीच रद्द केली आणि नवा खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चालवण्यास सांगितले. त्या न्यायाधीशांच्या मनात काय होते, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण दहा वर्षे एकाच माणसाच्या वर्तनावर लक्ष ठेवल्यानंतर कोणाचीही नजर कोरी राहणे किती अवघड असेल, हे त्या प्रकरणातून कळते.

त्याच देशातील १९८३ चा बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया हा निकाल मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एका गरीब, निरक्षर माणसाला परिवीक्षेवर सोडताना दंड व भरपाई मिळून साडेसातशे डॉलर भरण्याची अट होती. आईवडिलांकडून उसने घेऊन त्याने दोनशे भरले. मग नोकरी गेली, उरलेली रक्कम भरता आली नाही, आणि त्याला तुरुंगात टाकले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्याने मुद्दाम भरले नाही की त्याला भरता आले नाही, हे तपासल्यावाचून केवळ पैसे न भरल्याबद्दल तुरुंग देणे न्याय्य नाही. व्यापारी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. उधारी बुडवणारा गिऱ्हाईक आणि दुष्काळात अडकलेला गिऱ्हाईक यांची खाती आपण एकाच शाईने लिहीत असलो, तरी एकाच नजरेने पाहत नाही.

दूरच्या देशाचे कशाला, आपल्या पुण्याचेच पाहा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन दिला, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. साऱ्या महाराष्ट्राला संताप आला, आणि तो स्वाभाविक होता. दोन घरांतील दिवे विझले होते. पण नंतर जे झाले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तीनच दिवसांनी मंडळाने आपला आदेश बदलला आणि मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. या मधल्या काळात त्याने जामिनाची अट मोडली, असे सिद्ध झालेले नव्हते. जामीनही रद्द झालेला नव्हता. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कोठडी बेकायदा ठरवून त्याची सुटका करण्याचा आदेश दिला. लोकक्षोभ कितीही असो, न्यायालयाने कायद्याप्रमाणेच चालले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता.

अनेकांना तो निकाल रुचला नाही. मलाही पहिल्या दिवशी रुचला नव्हता. परंतु विचार करा. पहिला आदेश चुकीचा किंवा अति सौम्य होता, तर त्यावर वरच्या न्यायालयात जाण्याचा मार्ग होता. तो मार्ग सोडून, बाहेरचा आवाज वाढला म्हणून सोडलेल्याला पुन्हा आत घेणे, यात चूक दुप्पट होते. आज आवाज श्रीमंताच्या मुलाविरुद्ध उठला. उद्या तोच आवाज मुखेडच्या त्या मुलाविरुद्ध उठेल, किंवा आपल्यापैकी कोणाच्या दुकानाविरुद्ध. त्या दिवशी आपल्याला आवाजाकडे न पाहणारा न्यायाधीश हवा असेल.

आपल्या दुकानाविरुद्ध, हे मी मुद्दाम लिहिले. आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी नोकरच उभा राहील, असा समज आपण करून घेऊ नये. परिवीक्षेची मागणी करत व्यापारीही न्यायालयात गेलेले आहेत. प्यारअली तेजानी यांच्या १९७३ च्या प्रकरणात सुगंधी सुपारीत सॅकरिन व सायक्लामेट ही निषिद्ध गोड द्रव्ये सापडली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर हे दयाळू वृत्तीचे न्यायाधीश म्हणून प्रसिद्ध होते. तरीही, समाजाच्या आरोग्याशी खेळणाऱ्या अशा आर्थिक गुन्ह्यांना परिवीक्षेचा लाभ देता येणार नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. पुढे १९७६ मध्ये संसदेने अन्नभेसळीच्या कायद्यात दुरुस्ती करून प्रौढ गुन्हेगारांसाठी ही सवलत बंद केली. प्रसिद्धीचाही येथे उपयोग होत नाही. अभिनेते संजय दत्त यांनी मागितलेली परिवीक्षा मुंबईच्या विशेष न्यायालयाने ३१ जुलै २००७ रोजी नाकारली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गुन्ह्याचे गांभीर्य पाहून ती दिली नाही.

म्हणजे दयेचे दार सरसकट उघडे नाही. ते कोणासाठी उघडायचे, हे माणसाच्या नावावरून नव्हे, तर गुन्ह्याच्या स्वरूपावरून आणि सुधारण्याच्या शक्यतेवरून ठरवायचे आहे. जेथे हे दार उघडता आले असते आणि न्यायालयाने उघडले नाही, तेथे त्याची विशेष कारणे लिहिण्याचे बंधनही फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. कारणे लिहावी लागली की लहर आपोआप मागे सरते. खतावणीत तपशील लिहिल्यावाचून रक्कम टाकता येत नाही, तसेच हे आहे.

दार उघडले म्हणजे डाग पुसला, असेही नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेतील शिपायाने भरण्यासाठी दिलेले पाच हजार रुपये भरलेच नाहीत. तो दोषी ठरला, पण परिवीक्षेवर सुटला. बँकेने त्याला बडतर्फ केले. 'मला तर न्यायालयाने सोडले,' असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की परिवीक्षेमुळे तुरुंग टळतो, दोषसिद्धी पुसली जात नाही. बडतर्फी कायम राहिली. आमच्या स्नेह्यांनी त्या मुलाला पुन्हा कामावर घेतले नाही, तेव्हा त्यांनीही काही अन्याय केला नव्हता. गल्ल्याची किल्ली कोणाला द्यायची, हा मालकाचा प्रश्न आहे. त्याला कोठडीत किती काळ ठेवायचे, हा मालकाचा प्रश्न नाही.

आपल्या परंपरेत प्रायश्चित्ताचा विचार फार बारकाईने झालेला आहे. व्यवहारसूत्राच्या आरंभीच हा भेद केलेला आहे. महिन्याच्या प्रायश्चित्ताचा दोष निष्कपटपणे सांगितला तर प्रायश्चित्त एका महिन्याचे, आणि तोच दोष कपटाने लपवत सांगितला तर दोन महिन्यांचे. कायद्याची रीत वेगळी आहे, पण कशामुळे चूक झाली आणि ती कशी सांगितली, हे ऐकल्यावाचून माप ठरत नाही, ही दृष्टी दोन्हीकडे दिसते. आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत 'अपरिस्रावी' असा एक गुण सांगितला आहे, म्हणजे ऐकलेले दोष जो बाहेर झिरपू देत नाही तो. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय ठेवावा, असे अधिनियमाचे सातवे कलम सांगते, ते वाचताना मला हा शब्द आठवल्यावाचून राहिला नाही.

या पद्धतीचा उगमही एका दुकानदाराकडेच जातो. अमेरिकेतील बोस्टन येथे जॉन ऑगस्टस नावाचा जोडे बनवून विकणारा व्यावसायिक होता. १८४१ साली न्यायालयात एका मद्यप्याला शिक्षा होणार, तेवढ्यात त्याने पुढे होऊन हमी घेतली. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीवर, नीटनेटका होऊन न्यायालयात उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याला एक सेंट दंड आणि खटल्याचा खर्च एवढीच शिक्षा केली. पुढे १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या गृहस्थाने सुमारे दोन हजार माणसांची हमी घेतली. तोही सरसकट कोणाचीही हमी घेत नसे. आधी चौकशी करी, पारखून घेई, आणि मग लक्ष ठेवी.

आता त्या वाचकबंधूंच्या प्रश्नाकडे येतो. तक्रार करायची कशाला? करायची, जरूर करायची. चोरीची नोंद झाली पाहिजे, भरपाई मागितली पाहिजे. हमी मोडल्याचे कळले तर ते परिवीक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवले पाहिजे. तो आपला हक्क आहे आणि कर्तव्यही. हमी दुसऱ्यांदा मोडणाऱ्याला पन्नास रुपयांचा मार्ग कायद्याने ठेवलेला नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर पाच हजारांखालील चोरी, पहिलाच गुन्हा आणि मुद्देमाल परत, अशा प्रकरणात समाजसेवेची शिक्षा आली आहे. तेव्हा अशी प्रकरणे यापुढे आपल्यासमोर अधिक येतील. न्यायाधीश खरोखर पक्षपात करतात, अशी रास्त भीती वाटण्याजोगी परिस्थिती असेल, तर खटला दुसरीकडे वर्ग करण्याचा अर्ज सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात करता येतो. मात्र निकाल आपल्या मनासारखा झाला नाही, एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही.

एक विनंती मात्र आहे. न्यायालयाबाहेर उभे राहून 'आज रवानगी' म्हणण्यापूर्वी क्षणभर एक विचार करावा. आपला मुलगा पुण्याला परीक्षेसाठी गेला म्हणून त्याची हजेरी चुकली असती, तर आपण न्यायाधीशांना काय सांगितले असते? 'कारण ऐकून घ्या, साहेब,' असेच ना? परीक्षेचे कारण ऐकून घ्यायचे आणि कोयत्याचे ऐकायचे नाही, असा न्याय तराजूत बसत नाही. कायमचा पत्ता आणि नियमित कामधंदा पाहून माणसाला सोडण्याची पद्धत आहे. ज्याचे घरच सहा महिने बैलगाडीवर असते, त्याच्याकडून अट मोडली जाण्याची शक्यता आपल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. हे विसरून केलेली समानता वरवरची असते.

त्या मुलाने पुढे दोन वर्षे पुरी केली. पुढच्या हंगामाला जाण्यापूर्वी त्याने अधिकाऱ्याकडे अर्ज दिला होता, असे मला नंतर कळले. शेवटचा हप्ता साखर कारखान्याच्या एका गावाहून मनीऑर्डरने आला. स्नेह्यांनी मला तो कागद दाखवला, काही बोलले नाहीत, आणि रोजमेळात रक्कम जमा करून त्या मुलाच्या नावावरची बाकी शून्य केली.

पन्नास रुपयांचा दंड कमी होता की जास्त, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या दिवशी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने आपला राग, आमचा राग आणि कायद्याचे माप यांची सरमिसळ होऊ दिली नाही, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले. आपल्या दुकानात, घरात, समाजाच्या बैठकीत आपल्यालाही कधी ना कधी दुसऱ्याच्या मोडलेल्या शब्दाचा निवाडा करावा लागतो. त्या वेळी आपल्यालाही ते जमावे, ही शुभेच्छा.